खांबाजवळचं दूध

गुडगावच्या आमच्या नव्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, खांबाजवळ लावलेल्या माझ्या गाडीच्या चाकाशी, तळमजल्यावरचे म्हातारे शेजारी रोज सकाळी तांब्याभर दूध ओततात. जंगल तोडून इथं पहिला नांगर धरणारे, पुढे गावचा सारा गोळा करणारे नंबरदार झालेले त्यांचे पूर्वज. हे दूध त्यांना; त्यांची घुमटी नेमकी इथंच होती, ती बिल्डरनं पाडली. दूध ओतून ते डोळे मिटतात आणि एकेका पिढीचं नाव घेत स्वतःपाशी थांबतात. त्यांना मूलबाळ नाही.

"गाडी हटा दूँ?" मी एकदा विचारलं.

"रहने दो जी. वो देख रहे हैं."

तेव्हापासून मी आरशात न बघताच गाडी काढतो.

आज स्वतःच्या नावानंतर त्यांनी माझ्या मुलीचं नाव घेतलं.

"यहीं जनमी है ना?" म्हणाले, आणि तांब्या माझ्यापुढे धरला. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.