भक्कम हाडाचे गृहस्थ

सावेडीतल्या दातांच्या दवाखान्यात माझ्याशेजारी एक गृहस्थ बसले होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये स्वतःच्या जबड्याचा एक्स-रे. हाडात स्क्रू घालून नवा दात बसवण्याआधीचा तो फोटो ते येईल त्याला मुलाच्या लग्नाच्या फोटोसारखा दाखवत होते.

"हाड बघा. डॉक्टर म्हनला, लई भक्कम हाय."

एवढं सांगून झालं की मळलेली तंबाखू ओठाखाली जाई.

त्या दिवशी त्यांच्या बसवलेल्या दाताची तपासणी होती. ते आत गेले, पण बोलणं बाहेर ऐकू येत होतं. नवा एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "काका, स्क्रूभोवतीचं हाड झिजलंय. तंबाखू सोडली नाही, तर दात हातात येईल."

"फोटो नीट आला न्हाई. परत काढा."

परत काढला. हाड तेवढंच झिजलेलं होतं.

ते बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता तंबाखूची डबी कचऱ्यात जाणार. त्यांनी डबी उघडली, शांतपणे चिमूट मळली आणि काउंटरवरच्या मुलीला अदबीनं विचारलं, "ताई, नगरात चांगला फोटो काढनारा दुसरा डॉक्टर कोन हाय?"