हातवाऱ्यांची सिरीज

आमच्या कतारगामच्या लूम कारखान्यात खडखडाट इतका, की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. तरी पलीकडच्या लूमवरचा खान्देशी भाऊ मोबाईलवर पाहिलेली प्रत्येक नवी वेबसिरीज आम्हाला हातवारे करून सांगतो. हल्ली त्याला खुनाच्याच आवडतात. प्रेमाच्या म्हणे पाणचट.

परवा त्याने डोळे विस्फारले, हात झाडला, तोंड वासलं. नवा खून समजून आम्ही हसत टाळ्या पिटल्या. मग मला त्याची बाही लूमच्या फिरत्या पट्ट्यात अडकलेली दिसली. मी धावत जाऊन त्याच्या लूमचा स्विच बंद केला. तो माझ्या कानाशी ओरडला,

"मी मरून राहिलो होतो, अन् तुम्ही हसून राहिले, भो!"

काल त्याने नवी सिरीज सुरू केली. खलनायक नायकाला ओढतो हे दाखवायला त्याने स्वतःची बाही ओढली, आणि आम्हा सगळ्यांचे हात स्विचवर गेले.