फोटोखालचं वाक्य

वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत मी मराठी शिकवतो. स्वभाव तापट, आणि वयाने लहान माणूस मला काही शिकवायला आला की जरा जास्तच तापट. त्यामुळे नव्या रुजू झालेल्या मॅडमनी आठवीला ‘बातमी तपासा’ नावाचा तास सुरू केला तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणालो, “पोरांना धड जोडाक्षरं येत नाहीत, आणि ही बातम्या तपासणार! कशाला ही थेरं?” मॅडम नुसत्या हसल्या. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

साहित्य म्हणाल तर त्यांचा स्वतःचा मोबाइल, त्याचंच नेट आणि शाळेला मिळालेला टीव्ही. इंटरनेटवर एखादा फोटो टाकला की तो आधी कुठे कुठे येऊन गेलाय हे दाखवणारी सोय असते, ती त्या टीव्हीवर उघडायच्या. पोरं वहीचं पान मधोमध दुमडायची. एका बाजूला फोटोत काय दिसतं ते लिहायचं, दुसऱ्या बाजूला खालचं वाक्य काय सांगतं ते, आणि दोन्ही वेगवेगळं तपासायचं. एकदा त्यांनी पोरांनाच खोटी बातमी बनवायला लावली. पोरांनी आमच्या पाण्याच्या टाकीचा फोटो लावून खाली लिहिलं, टाकीत मगरीचं पिल्लू सापडलं. मी ते खिडकीतून वाचलं आणि गुपचूप टाकीत डोकावून आलो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर तांडा निम्मा रिकामा होतो. धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात आणि शाळेतली पोरं म्हाताऱ्यांजवळ राहतात. अशाच एका दिवशी मॅडम प्रशिक्षणासाठी वाशिमला गेल्या होत्या. मधल्या सुट्टीत माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. उलटलेला ट्रक, विखुरलेली गाठोडी, चादरींनी झाकलेली माणसं. खाली लिहिलेलं, ‘मानोरा तालुक्यातील ऊसतोड मजुरांच्या गाडीला भीषण अपघात. ओळख पटवा. पुढे पाठवा.’ मी तो जसा आला तसा तांड्यातली माणसं असलेल्या तीन ग्रुपवर पाठवून दिला. आपण चांगलं काम केलं असंच मला वाटत होतं.

पंधरा मिनिटांत तांड्यात रडारड सुरू झाली आणि बाया शाळेच्या फाटकाशी जमल्या. आठवीतली एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे आईबाप उसावर गेले होते. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज शाबूत होता.

“सर, मायचा फोन लागून नाही राह्यला. तुमचा मोबाइल द्या.”

“घे न बाई. पुन्हा लावून पाह्य.”

“लावतोच. पन मले तो फोटो बी पाहू द्या.”

फोन लागलाच नाही. मग तिने फोटोखालचं लिहिलेलं कापून टाकलं आणि नुसता फोटो मॅडमनी दाखवलेल्या त्या शोधात टाकला. बोटं दोनदा चुकीच्या जागी पडली. नेट रडतखडत चाललेलं. अखेर तोच ट्रक आणि तीच गाठोडी एका बातमीत दिसली. बातमी काही वर्षांपूर्वीची, दूरच्या कुठल्या तरी राज्यातली होती.

मी टाळीच वाजवली. “आपले नाहीत ते! आता रडू नोको.”

ती रडत नव्हतीच. म्हणाली, “सर, फोटो जुना हाय, एवढंच समजलं. माय-बाप चांगले हायेत, हे कुठी समजलं? जुना फोटो लावून बी कोनी खरी गोष्ट सांगू शकते.”

एवढी वर्षं शिकवतोय, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या जागी मी असतो तर हाती आलेल्या पहिल्या दिलाशालाच धरून बसलो असतो. फार कौतुक वाटलं मला तिचं, आणि तिला हे शिकवणाऱ्या मॅडमचंही. आणि काळीजही हललं, कारण आईबापांचं काय झालं हे पोरीला अजून कळलेलं नव्हतंच.

तिने आईबाप गेले त्या कारखान्याच्या भागातल्या त्या दिवसाच्या बातम्या धुंडाळल्या. अपघाताचं काही सापडलं नाही. तेवढ्यावरही ती थांबली नाही. टोळी घेऊन गेलेल्या मुकादमाचा नंबर तिच्या वहीत होता, तो लावत राहिली. चौथ्या वेळी त्याने उचलला आणि फोन उसाच्या फडातल्या तिच्या आईकडे नेला. “याडी,” म्हणजे आई, एवढंच ती म्हणाली. मग घरच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीत भराभर विचारलं, बा कुठे आहे, त्याला दे. बापाचा आवाज ऐकला आणि व्हरांड्यात फतकल मारून मोठ्याने रडली. पलीकडे बापाला काही कळेना. तो विचारतच राहिला.

चेहरा पुसून ती फाटकाकडे पळाली, जे समजलं ते बायांना सांगून परत आली.

“सर, तुमी कोनाकोनाले धाडला?”

फोटो पुढे पाठवल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. माझा मोबाइल तिच्याच हातात होता, तेव्हा ते दिसलं असणार. लाज वाटली. निमूटपणे ग्रुप उघडला आणि लिहायला लागलो, ‘मघाशी मी पाठवलेला फोटो खोटा आहे. क्षमस्व.’

ती शेजारी उभी राहून वाचत होती.

“खोटा नोका लिहू, सर.”

“काहून?”

“फोटो खराच हाय. कोनाचे तरी माय-बाप मेले न त्याच्यात. आपले नव्हते, एवढंच.”

मी वाक्य पुसलं. नवं तिने सांगितलं, मी लिहून घेतलं: ‘फोटो खरा आहे, पण जुना, दुसऱ्या राज्यातला; खालचं वाक्य त्या फोटोचं नाही.’