पुळणीवरचा गोळा

लढाई संपून बरीच वर्षं झाली होती. पूर्णगडच्या पुळणीवर वाहून आलेल्या लोखंडी गोळ्यावर आम्ही जाळी वाळत घालायचो. एकदा सरकारने पाठवलेला एक माणूस होडीतून उतरला. माझी गरोदर बायको गोळ्याला टेकून बसली होती. तो जागीच थिजला.

"वहिनी, हळूच उठा. त्याला धक्का लावू नका."

सगळ्यांना लांब पाठवून त्याने गोळ्याला सुरुंगाची दारू लावली, वात पेटवली आणि सावकाश चालत आमच्याकडे आला. कानठळ्या बसल्या. गोळ्याच्या जागी विहिरीएवढा खड्डा पडला.

"आगबोटी बुडवायला पेरलेला होता," तो म्हणाला.

"आम्ही पोरं बसवायचो हो त्यावर!" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

त्याने पाणी मागितलं, पण हात इतके थरथरत होते की तांब्या धरवेना. शेवटी बायकोनेच तो त्याच्या ओठांना लावला.