ताईला लिहिलेलं पहिलं पत्र
परवा नवा हेडफोन खोक्यातून काढला आणि त्याच्या कोऱ्या स्पंजच्या वासानं मला वीस-बावीस वर्षं मागे, अंधांसाठीच्या संगणकवर्गात नेऊन बसवलं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एक बाई दर शनिवारी आम्हाला शिकवायला येत. लिहिलेलं वाचून दाखवणारा संगणक मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. तोवर माझी सगळी पत्रं मी सांगायचो आणि ताई लिहायची. बाई म्हणाल्या, "मनातलं काहीही लिहा, फक्त तुमच्याच कानात वाजेल." मी बराच वेळ नुसता बसून राहिलो, कारण दुसऱ्याला सांगण्याजोगं तेवढंच मनात आणायची सवय लागली होती. मग लक्षात आलं, ताईला मी कधीच पत्र लिहिलेलं नाही. माझ्यासाठी तिनं कॉलेज सोडलं हे मला ठाऊक आहे, हे तिच्याकडूनच कसं लिहून घेणार? मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं. संगणकाचा तो परदेशी आवाज 'ताई'ला 'टाय' म्हणत होता. बाईंनी प्रिंट काढून, न वाचता घडी घालून दिली. घरी जाताना धायरीच्या बसमध्ये मी ती मला न्यायला आलेल्या ताईच्या हातात ठेवली. कागद उलगडल्याचा आवाज आला आणि दोन-तीन स्टॉपनंतर पुन्हा घडी घातल्याचा. मग ती म्हणाली, "चार ठिकाणी चुकलायस," आणि उतरेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. आता फोनला नुसतं सांगितलं की तो लिहून घेतो, पण ताईचं पत्र मी अजूनही एकटा बसून टाइप करतो, आणि ती अजूनही चुका काढते.