उस्तादाचा आग्रह

आमच्या गावाला आट्यापाट्या खेळता येत नाहीत, हे आमच्याशिवाय साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. गोष्ट निजामाच्या राजवटीतली, पण रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या बरीच आधीची. दर वैशाखात पोखर्णीला नरसिंहाची जत्रा भरायची. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी उपास सुटला की देवळामागच्या रानात पाट्या आखायच्या आणि गावोगावचे गडी कासोटे मारून उतरायचे. खेळ तसा सोपा. नऊ आडव्या पाट्या, एकेका पाटीवर एक गडी वाट अडवून उभा. समोरच्यांनी हुलकावण्या देत, अंगाला हात लागू न देता सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि तसंच परत यायचं. जो परत आला त्यानं 'लोण' म्हणून ओरडायचं, की त्याची बाजू जिंकली. ही आरोळी आमच्या माणसाच्या तोंडून माझं लग्न होईपर्यंत तरी मी ऐकली नव्हती.

आमचे गडी सांभाळायचे माझे चुलते. साठीला टेकलेले, काटक, आणि हरण्याची सवय झाल्यामुळे फार शांत. कुणी टोचलं की म्हणायचे, "खेळ हाय बाबा. आमी हरलो न्हाई तर ते जिंकतील कसे?"

हे तत्त्वज्ञान पाटलांना पटेना. त्याला कारण होतं. पाटलांनी लेक सोनपेठला दिली होती आणि सोनपेठचा संघ होता त्यांच्या व्याह्यांच्या हाताखाली. जावई स्वतः पाटीवर उभा राहायचा. दरवर्षी ते जिंकायचे आणि व्याही वर्षभर ते पुरवून पुरवून वापरायचे. नातवाच्या बारशात म्हणाले, "इवाई, पोरगं तुमच्यावर गेलंय. हात लावला की जागीच बसतंय." एका तेराव्याला सगळे गप्प बसलेले असताना यांनी पाटलांच्या कानाशी लागून विचारलं, "यंदा तरी पळायलाय का कुणी तुमच्याकडं?"

तेराव्याहून पाटील आले ते चावडीवर न थांबता थेट आमच्या अंगणात. "आता बास. यंदाच जिंकायचं. पुढल्या वर्षी न्हाई, यंदाच." मग चुलत्यांकडं न बघता म्हणाले, "उस्ताद आणायलोय."

चुलते सुपारी कातरत होते. म्हणाले, "आणा की." पण त्या दिवसापासून त्यांनी मैदानाकडं पाठ फिरवली.

उस्ताद चारठाण्याकडून आला. मिशा वर वळवलेल्या, पोट पुढं, गळ्यात शिट्टी. हैदराबादच्या पलटणीत होता म्हणे. ज्या गावानं त्याला नेलं ते गाव जिंकलं, असा त्याचा लौकिक होता. कोणत्या खेळात जिंकलं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यानं आम्हाला रांगेत उभं केलं आणि ओरडला, "होशियार!" पलटणीत 'सावधान'ला तसं म्हणतात, हे आम्हाला कुठलं ठाऊक. आमचा सगळ्यात भरवशाचा गडी म्हणजे गावचा सुतार. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "मलाच म्हणायलाय ना?"

उस्तादानं मग ठेचा बंद केला. तिखटानं दम कमी होतो म्हणे. पारावर बसणं बंद, तंबाखू बंद. माझं लग्न नुकतंच झालेलं, बायकोनं भाकरीवर मिरची नाही बघून विचारलं, "तुमाला ताप हाय का?" मी उस्तादाचा हुकूम सांगितला. ती म्हणाली, "मग त्यालाच आणा जेवायला वाढायला."

खरी फजिती झाली ती बकरीची. चपळाई यावी म्हणून उस्तादानं पाटलांची एक बकरी पाट्यांवर सोडली. आम्ही नऊजण वाट अडवून उभे, आणि तिला हात लावायचा. बकरी शांतपणे आत शिरली, एकेकाला हूल देत शेवटच्या पाटीपाशी गेली, तिथं थोडं गवत खाल्लं आणि तशीच परत आली. बाहेर आल्यावर ओरडलीही. आम्ही पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. लांब बांधावर चुलते बैल चारत होते. तिथून त्यांनी हाक दिली, "उस्ताद, दहावा गडी मिळाला बघा!"

जत्रा तोंडावर आली. पाटलांनी विचारलं, "जिंकतोय ना?"

उस्तादानं मिशी पिळली. माणूस बढाईखोर होता, पण खोटा नव्हता. "पाटील, आपले गडी सुधारायला सवड न्हाई उरली," तो म्हणाला. "पण त्यांचे बिघडवता येतील."

"म्हणजे? मारामारी?"

"तौबा! जेवण." आणि त्यानं बेत सांगितला. पाटील मुलीकडचे. जत्रेत व्याह्यांच्या माणसांना पारण्याचं जेवण देणं हा त्यांचा मानच. सगळे आदल्या दिवशीचे उपाशी. पुरणपोळी, वर आमरस, वर तूप, आणि त्यावर आग्रह. संध्याकाळी पाट्यांवर कोण पळतंय ते बघू.

पाटील त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

पोखर्णीला आमच्या गाड्या एका आमराईत सुटल्या होत्या. पाटलीणबाईंनी पहाटेपासून पुरण शिजवलेलं. उस्तादानं आम्हाला वाढायची कवायत शिकवली: सुतार तूप घेऊन उजवीकडून, मी रस घेऊन डावीकडून, पाहुण्यानं हात आडवा केला तर मनगट हलकेच बाजूला सारायचं आणि ओतायचं. आम्ही स्वतः मात्र अर्ध्या भाकरीवर राहायचं. आट्यापाट्यांपेक्षा ही कवायत आम्हाला फार लवकर जमली.

सोनपेठची मंडळी आली, हातपाय धुऊन बसली. पानं वाढली. आणि व्याही घासाला हात लावीनात.

"बसा की तुमीबी," ते म्हणाले.

"आमी मागून," पाटील म्हणाले.

"यजमान उपाशी आन् आमी जेवायचं? आमी काय रीत सोडलेली माणसं हाव का? तुमचे गडी समोर बसल्याशिवाय न्हाई जेवणार."

पाटलांनी उस्तादाकडं बघितलं. उस्तादानं आभाळाकडं बघितलं. बसावं लागलं. दोन गावं समोरासमोर, मधून बायका वाढताहेत. आदल्या दिवसाचा उपास आम्हालाही होता आणि महिनाभर मिळमिळीत खाऊन आम्ही माणसातून उठलो होतो. तरीही पहिली पोळी मी जपून खाल्ली, हे मला अजून आठवतं. दुसरी आठवत नाही. मग पाटलांनी उठून व्याह्यांना घास भरवला, व्याह्यांनी पाटलांना दोन भरवले, जावयाला सासूबाईंचा घास, सासऱ्यांचा घास, मेहुण्यांचे घास, आणि बघता बघता दोन्ही गावांचं युद्ध पंगतीतच पेटलं. "एक माझ्याकडून!" "मग दोन माझ्याकडून!" उस्ताद धावत आला, सगळं थांबवायला त्यानं शिट्टी तोंडात धरली, आणि व्याह्यांनी शिट्टीसकट त्याच्या तोंडात रसात बुडवलेली पोळी कोंबली. शिट्टी वाजली, पण रसातून. नंतर तोही बसला. त्याच्याइतका त्या दिवशी कुणीच जेवला नाही.

एकटे माझे चुलते पंगतीला आले नव्हते. रुसलेलेच होते. लांब एका आंब्याखाली बसून त्यांनी घरून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

ऊन कलल्यावर खेळ सुरू झाला. सुरू झाला असं आपलं म्हणायचं. सोनपेठचे गडी पाटीवर चढले ते कमरेवर हात ठेवून. आम्ही त्यांच्याकडं चालत गेलो. मी पहिल्या पाटीपाशी पोचलो तर समोरच्या गड्यानं हात उचलला, विचार बदलला आणि खाली सोडला. मीही पुढं गेलो नाही. दोघं एकमेकांकडं बघत ढेकर देत उभे राहिलो. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं, खेळ चालू हाय का संपला?" आमचे दोघंतिघं बाद झाले, पण ते खाली बसल्यावर. सुतार मैदानाच्या कडेला गेला आणि गाडीखाली आडवा झाला. म्हणाला, "मला बाद धरा."

पाटील घामाघूम. शेवटी ते त्या आंब्याखाली गेले. "चला की आता. सुताराच्या जागी उभं राहा."

"उस्तादाला विचारा," चुलते म्हणाले.

उस्ताद कुशीवर पडला होता. त्यानं डोळे न उघडता हात हलवला. त्याचा अर्थ 'जाऊ द्या' असा धरण्यात आला.

चुलत्यांनी धोतर वर खोचलं आणि ते आत शिरले. पळाले नाहीत; पळायची गरजच नव्हती. बाजारातून वाट काढावी तसे ते एकेका पाटीवरून निघाले. जाताना नवव्या पाटीपर्यंत कुणी त्यांना हात लावला नाही. येताना मधल्या पाटीवर जावई होता. सासुरवाडीचा आग्रह त्याच्या वाट्याला चौपट आलेला. तो बसल्या बसल्या पेंगत होता. पावलं वाजली तसे त्यानं डोळे उघडले, समोर सासुरवाडीचा वडीलधारा माणूस उभा. तो तसाच वाकला आणि चुलत्यांच्या पायांना दोन्ही हात लावले.

"बाद!" सोनपेठकर ओरडले.

"नमस्कार हाय त्यो!" आम्ही ओरडलो.

एकदम सगळ्यांना जाग आली. पंच होते पोखर्णीचेच एक बुजुर्ग. त्यांनी असा पेच आयुष्यात बघितला नव्हता. सगळ्यांना गप्प करून त्यांनी जावयालाच विचारलं, "देवासमोर खरं सांगा पाव्हणं. हात लावला तो बाद करायला का पाया पडायला?"

जावयानं एका बाजूला बापाकडं बघितलं. दुसऱ्या बाजूला सासऱ्याकडं. मग बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या स्वतःच्या बायकोकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता, पण डोळे नवऱ्यावर रोखलेले.

"पाया पडायला," जावई म्हणाला.

"मग बाद न्हाई."

चुलत्यांनी जावयाच्या डोक्यावर हात ठेवला, "औक्षवंत व्हा" म्हणाले, आणि उरलेल्या पाट्या चालत ओलांडून बाहेर आले. तिथं उभे राहिले. आम्ही सगळे वाट बघतोय, आणि हे गप्प. पाटील ओरडले, "म्हणा की!"

"काय?"

"लोण म्हणा, लोण!"

"हां. लोण," चुलते म्हणाले.

पाटलांनी त्यांना मिठी मारली आणि दोघंही आईगं म्हणून पोट धरून वेगळे झाले. पाटील जेवणानं, चुलते पाटलांच्या पोटानं. व्याही आधी लालबुंद झाले, पंचांशी भांडले, मुलाशी बोलेनात. पण उस्तादाचा बेत पाटलीणबाईंकडून त्यांच्या कानावर गेला तेव्हा गाडीत बसून इतके हसले की बैल बिथरले. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादाला त्यांनी आपल्याच गाडीत घातलं आणि सोनपेठला नेलं. "असला माणूस तुमच्याकडं काय करायचाय?" म्हणाले. पाटलांनी अडवलं नाही. आमचे गडी पुन्हा चुलत्यांकडं आले आणि पुढच्या वैशाखात आम्ही रीतसर हरलो.

जावई मला खूप वर्षांनी परभणीच्या मोंढ्याच्या बाजारात भेटला. केस पांढरे झालेले, नातवाचं बोट धरलेलं. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर मी न राहवून विचारलंच, त्या दिवशी खरं काय होतं.

"कायच आठवत न्हाई बघा," तो म्हणाला. "झोपेत होतो. पण बायकोनं असं बघितलं की दुसरं काय म्हणायची सोयच नव्हती."

मग नातू गुळाच्या ढेपेकडं ओढायला लागला आणि आम्ही आपापल्या वाटेनं निघालो.