हुरड्याचे पैसे

हुरडा म्हणजे ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजून, हातावर चोळून खायची. "एवढ्यासाठी पैसे?" असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. पैसे घेतात, मुलांनो. परत देताना काय होतं, ते लिहून ठेवते.

धाडच्या रस्त्यावरच्या मळ्यात हुरडा पार्टी ठेवली होती आपल्या गल्लीतल्याच एका दुकानदार पोराने. सुट्टीत तुम्हाला स्कूटरवर फिरवायचा, तोच. दहावीला त्याचं इंग्रजी मी करून घेतलं होतं.

"काकू, तुम्ही शब्द टाकला तं साऱ्या बायका येतीन," तो म्हणाला.

मी शब्द टाकला. बायकांनी पैसे माझ्या हातात दिले, मी त्याला पोचवले. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तर सुनेचे आणि नातीचेही दिले.

आदल्या दिवशी गारा पडल्या, ज्वारी आडवी झाली. त्याने ग्रुपवर कळवलं: पार्टी रद्द, नैसर्गिक आपत्ती असल्याने पैसे परत मिळणार नाहीत.

मी त्याला बोलावून घेतलं.

"पाऊस काय मी पाडला, काकू?"

"नाही पाडलास. पण हुरडाही नाही दिलास. कार्यक्रम तू रद्द केलास, मग न दिलेल्या गोष्टीचे पैसे तुला ठेवता येत नाहीत. हा ग्राहकाचा हक्क आहे."

"हाव, देतो ना. तुम्हाले नाही म्हनीन का मी?"

मी सगळ्यांना सांगितलं, पैसे येताहेत. पण कुणाचेच आले नाहीत. मग एका दुपारी शिवणकामवाल्या बाई आल्या. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभ्या.

"मॅडम, तुमचे तं कवाचेच आले म्हने. तोच सांगून राह्यला, मॅडमचा हिशोब मिटला. आमच्यापासून काऊन लपवलं?"

मी फोन उघडला. माझे एकटीचे पैसे, मी त्याला बोलावलं त्याच संध्याकाळी जमा झाले होते. बँकेचे मेसेज मी वाचत नाही, महिनाअखेरीस पासबुक भरून आणते. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. बँकेत मला तोच सोडतो. त्याने माझेही बुडवले असते तर बरं झालं असतं.

बाईंना घेऊन तशीच त्याच्या दुकानात गेले.

"तुमचे देल्ले ना काकू? मंग तुम्हाले काय करायचं?"

मला परत आले होते तेवढे पैसे मी पर्समधून काढून काउंटरवर ठेवले. म्हटलं, "सगळ्यांचे दे, नाहीतर ग्राहक आयोगात तक्रार जाईल. पहिली सही माझी." तो हसला. तक्रार खरंच लिहून झाल्याचं कानावर गेलं, तेव्हा मात्र त्याने प्रत्येकीचे पैसे घरपोच केले.

यंदा बायकांची जळगाव जामोदकडे सहल ठरली. मला आग्रहाने बोलावलं, खिडकीची जागा राखून ठेवली. पैसे मात्र प्रत्येकीने गाडीवाल्याकडे स्वतः दिले.

"तुम्हाले काऊन तरास, मॅडम?" शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या.

मीही रांगेत उभी राहिले आणि माझे पैसे गाडीवाल्याच्या हातात दिले.